नांदेड : पाहुण्यांसाठी प्राथमिक माहिती

नांदेड हे गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेले मराठवाड्यातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर आहे. पहिला क्रमांक कोणाचा हे मराठवाड्यात कोणी विचारत नाही; तिसरा कोणाचा हा विषय लातूरकरांसमोर काढू नये. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाख भरली होती. पुढची जनगणना लांबत गेली. आजचा आकडा ज्याला हवा असेल त्याने संध्याकाळी सातच्या सुमारास वजिराबाद चौकात ऑटोत बसून राहावे. मोजायला भरपूर वेळ मिळतो.

गाव जुने आहे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या चौथ्या शतकातील वाशीम ताम्रपटात या भागाचा उल्लेख सापडतो. स्थानिक कथा त्याच्याही मागे जाते. तिच्यानुसार शंकराच्या नंदीने येथे नदीकाठी तप केले. नंदी प्रसन्न होऊन उठला, पण एका जागी बसून वाट पाहण्याची त्याची साधना शहराने सोडलेली नाही. बसस्थानक, तहसील कार्यालय आणि विवाहाच्या मंडपात ती आजही पाहायला मिळते.

नदीकाठच्या शहरात उतरलेला पाहुणा पहिला प्रश्न नदीचाच विचारतो. नांदेडकर या प्रश्नाने किंचित गोंधळतो, कारण त्याच्या नकाशात नदी नसते, घाट असतात. नगिना घाट, बंदा घाट, गोवर्धन घाट अशी ती नावे. त्यांतील पहिल्या दोन घाटांवर दर्शनाला जातात आणि गोवर्धन घाटावर माणसाला शेवटचे पोहोचवायला. त्यामुळे ऑटोवाल्याला नुसते ‘घाटावर चला’ म्हटले तर तो आधी प्रवाशाचा चेहरा आरशात पाहतो आणि मगच भाडे सांगतो.

गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगवते आणि 1,465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. काठच्या गावांत तिला गोदावरी कोणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. नाशिकला ती मुलगी असते, पैठणला संतांच्या घरची होते, आणि जायकवाडीच्या भिंतीपाशी तिला सरकारी नोकरी लागते. तिथून पुढे ती नियमाने आणि आदेशाने वाहते. नांदेडपर्यंत येताना मधल्या बंधाऱ्यांनी तिला इतक्या वेळा थांबवलेले असते की शहरात ती वाहते आहे की उभी आहे हे जलपर्णी कोणत्या दिशेला सरकते यावरून ठरवावे लागते.

मोठ्या नदीकाठचे मोठे शहर कसे असते याचा नमुना चीनमध्ये आहे. यांगत्से आणि हान या नद्यांच्या संगमावर वुचांग, हान्कौ आणि हानयांग ही तीन जुनी गावे मिळून वुहान हे शहर झाले. 1957 मध्ये यांगत्सेवर मोठा पूल झाला आणि 1966 मध्ये अध्यक्ष माओ वयाच्या 72 व्या वर्षी त्या नदीत पोहून दाखवून आले. नांदेडची जडणघडण तत्त्वतः याच धर्तीची आहे. दोन नद्या येथेही आहेत : शहराला लागून गोदावरी आणि अर्धापूर रस्त्यावर आसना. 1997 मध्ये अलीकडचे नांदेड आणि पलीकडचे वाघाळा मिळून महानगरपालिका झाली, म्हणून तिच्या पाटीवर आजही ‘नांदेड-वाघाळा’ असे जोडनाव असते. नेत्यांनी नदीत पोहून दाखवण्याची प्रथा मात्र येथे पडली नाही. तसा कार्यक्रम ठरलाच, तर आधी पाटबंधारे खात्याकडून पाणी सोडल्याचे पत्र घ्यावे लागेल. 2020 पर्यंत नांदेडमध्ये वुहानचे नाव कोणाला माहीत नव्हते. त्यानंतर ते पानटपरीपर्यंत पोहोचले. वुहानमध्ये नांदेडचे नाव पोहोचण्याचे काम अद्याप बाकी आहे.

शहराच्या अगदी वरच्या अंगाला विष्णुपुरी प्रकल्प आहे. शंकरराव चव्हाणांच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रकल्प आशियातील मोठ्या उपसा सिंचन योजनांत गणला जातो. कोणतीही गोष्ट सांगताना ‘आशिया खंडातील’ अशी सुरुवात करण्याची मराठवाड्यात रीत आहे. या एका ठिकाणी तिला थोडा आधार आहे. नदीचे पात्र खोल आणि शेते उंच, म्हणून पाणी पंपांनी वर चढवायचे अशी ही योजना. वीज असली की पाणी चढते, नसली की शेतकऱ्याचा पारा चढतो. शहराचे पिण्याचे पाणीही याच जलाशयातून येते. नांदेडकर रोज गोदावरी पितो, तिच्यातच सांडपाणी सोडतो आणि तिला गंगा म्हणून हात जोडतो. या तिन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच सकाळी, विनातक्रार पार पडतात.

पावसाळ्यात एखाद्या रात्री विष्णुपुरीचे दरवाजे उघडतात आणि शहराला नदीची आठवण होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर किती दरवाजे उघडले याचा आकडा येतो. तो आकडा वाचून कुटुंबे पुलावर निघतात. ‘पाणी पाहायला जाणे’ हा नांदेडचा सर्वात मोठा, निमंत्रणपत्रिका नसलेला उत्सव आहे. पुलाच्या कठड्याला माणसांची रांग लागते, भाजलेल्या कणसांच्या गाड्या लागतात, आणि प्रत्येक रांगेत एक गृहस्थ असा असतोच की ज्याने याहून मोठा पूर पाहिलेला असतो. तो बोट दाखवून ‘तेव्हा पाणी तिथपर्यंत होतं’ असे सांगतो. त्याचे बोट दरवर्षी थोडे वर जाते. पोलीस पुलावर थांबू नका म्हणून शिट्ट्या मारतात आणि अधूनमधून स्वतःही कठड्यावरून वाकून पाहतात. पाणी ओसरले की शहर पुन्हा नदीकडे पाठ करून बसते.

या नदीच्या पाण्यावर खालच्या अंगाला आणखी मोठे नाट्य घडले आहे. धर्माबाद तालुक्यातील बाभळी येथे महाराष्ट्राने बंधारा बांधला, आणि तो आपल्या पोचमपाड जलाशयाच्या पाण्यात येतो असे म्हणून तत्कालीन आंध्र प्रदेशाने हरकत घेतली. जुलै 2010 मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बंधारा पाहायला निघाले. महाराष्ट्राच्या पोलिसांनी त्यांना वाटेतच ताब्यात घेऊन धर्माबादेत ठेवले आणि काही दिवसांनी हैदराबादला परत पाठवले. धर्माबाद तोवर लाल मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध होते. त्या आठवड्यात देशभरच्या वाहिन्यांना तेथे दुसरा तिखट विषय मिळाला. नायडूंना बंधारा दिसला नाही, पण बंधाऱ्याला नायडूंमुळे सारा देश ओळखू लागला.

28 फेब्रुवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर या काळात बाभळीचे सर्व 14 दरवाजे उघडे ठेवायचे आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचे. पावसाळ्यात, म्हणजे नदीत पाणी असते तेव्हा, दरवाजे उघडे. पावसाळा संपला, पाणी निघून गेले की दरवाजे बंद. साठवणाऱ्यांनी याला काय म्हणावे हा त्यांचा प्रश्न आहे. दरवर्षी ठरलेल्या तारखेला दोन्ही राज्यांचे आणि केंद्राचे अधिकारी एकत्र येतात, दरवाजे वर जाताना पाहतात, कागदावर सह्या करतात आणि छायाचित्र काढतात. धरणाच्या दारी इतक्या नियमाने भरणारा दुसरा समारंभ मराठवाड्यात नाही.

नदीशी रोजचा, न चुकणारा व्यवहार ठेवणारे नांदेडमध्ये एक ठिकाण मात्र आहे. तख्त सचखंड श्री हजूर साहिब या गुरुद्वाऱ्यात दररोज मध्यरात्रीनंतर एक सेवादार गोदावरीवर जातो, गागर भरून पाणी आणतो आणि त्या पाण्याने तख्ताचे स्नान होते. त्याला गागरिया सिंघ म्हणतात. थंडी असो, पाऊस असो, पाणी कमी असो वा पूर असो, या कामाला सुटी नाही. नदीच्या काठी राहण्याचा शास्त्रशुद्ध अर्थ काय, हे शहरात याच एका गागरीला माहीत आहे.

गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये बादशहा बहादूरशहाबरोबर दक्षिणेत आले आणि गोदावरीकाठी राहिले. माधोदास नावाचा बैरागी त्यांना येथेच भेटला आणि बंदा सिंग बहादूर होऊन पंजाबला गेला. ऑक्टोबर 1708 मध्ये गुरूंचा येथे देहान्त झाला. त्यापूर्वी त्यांनी यापुढे गुरू ग्रंथ साहिब हेच गुरू असे सांगितले. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात येथे गुरुद्वारा बांधून घेतला. शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी हे एक. लाहोरचा महाराजा, निजामाचे राज्य आणि गोदावरीचा काठ असे तीन टोकांचे जुळवून आणणे त्या काळात जमले. आज नांदेड-लातूर थेट रेल्वेमार्ग जुळवणे जमलेले नाही, पण त्याचा तपशील पुढे येईल.

या तख्तामुळे नांदेडला जगभरातून माणसे येतात. अमृतसर, लुधियाना, व्हँकुव्हर, साउथहॉल येथून आलेला यात्रेकरू स्थानकावर उतरतो तेव्हा समोर पाटी असते : हजूर साहिब नांदेड. बाहेर ऑटोवाले पंजाबीत स्वागत करतात. हे पंजाबी दोन वाक्यांचे असते. तिसऱ्या वाक्याला दखनी सुरू होते आणि भाड्याच्या घासाघिशीत शुद्ध मराठवाडी. यात्रेकरूला खरा धक्का बसतो तो स्थानिक सरदारजी भेटल्यावर. भरघोस दाढी, निळी पगडी, कमरेला कृपाण आणि तोंडात ‘हौ, बसा की’. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेले हे शीख मराठी आणि दखनी घरच्यासारखी बोलतात. पंजाबातून आलेला पाहुणा त्यांच्याशी गुरुमुखीच्या गोष्टी काढतो आणि ते त्याला कापसाचा भाव सांगतात.

लंगरात रोज हजारो माणसे जेवतात. जात, धर्म, गाव, खिसा यांची चौकशी होत नाही. पंगतीत लंडनचा डॉक्टर, किनवटचा शेतकरी आणि महिनाअखेरीला घरून पैसे यायचे राहिलेला वसतिगृहातला विद्यार्थी शेजारी शेजारी बसलेले असतात. डॉक्टर श्रद्धेने जेवतो, शेतकरी निवांत जेवतो आणि विद्यार्थी तिसऱ्यांदा डाळ घेतो. दसऱ्याला आणि होळीच्या वेळी होला मोहल्ल्याला हल्लाबोलाची मिरवणूक निघते. शस्त्रे उपसलेली, जयघोष चाललेला आणि पुढे घोडे. हे घोडे गुरूंच्या घोड्याच्या वंशातले मानले जातात. त्यांच्या पाठीवर कोणी बसत नाही. नांदेडच्या रस्त्यांवर वाहनाचा मान मिळून धक्का न लागता चालणारे ते एकमेव प्राणी होत.

2008 हे वर्ष नांदेडच्या इतिहासात वेगळे मोजतात. गुरू-ता-गद्दीची, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याची, त्रिशताब्दी होती आणि जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्याबरोबर पाचवे नाव नांदेडचे होते. मराठवाड्यातील पहिल्या क्रमांकाच्या शहराचे नव्हते. रस्ते रुंद झाले, पूल झाले, घाट बांधले गेले, गुरू गोविंदसिंगजी विमानतळ झाला. त्या वर्षी नांदेडकर सकाळी उठून पाहत असे की काल होते ते वळण आज आहे की नाही. आजही जुना माणूस पत्ता सांगताना ‘गुरू-ता-गद्दीच्या आधी जिथं…’ अशी सुरुवात करतो. पाहुण्याने अशा वेळी मान डोलवावी आणि पत्ता दुसऱ्याला विचारावा. विमानतळाबाबत एवढेच सांगता येईल की विमाने कधी असतात, कधी नसतात. विमानतळ कायम असतो.

येण्याचे खरे साधन रेल्वे. सचखंड एक्सप्रेस नांदेडहून अमृतसरला जाते. वाटेतल्या अनेक स्थानकांवर या गाडीला लंगर येतो. सेवादार खिडकीशी उभे राहून पोळी-भाजी, कढी-भात वाढतात. त्यामुळे या गाडीने जाणाऱ्याने शिदोरी घेऊ नये, डबा मात्र रिकामा न्यावा. नांदेडचा मराठी माणूस दिल्लीला याच गाडीने जातो आणि दिल्लीत काय पाहिले याच्याऐवजी कोणत्या स्थानकावर काय खाल्ले हे सांगतो. मुंबईसाठी देवगिरी, नंदिग्राम, तपोवन या गाड्या आहेत. नांदेड स्थानक महाराष्ट्रात आहे, पण त्याचा रेल्वे विभाग दक्षिण मध्य रेल्वेत मोडतो, ज्याचे मुख्यालय सिकंदराबादला आहे. 1948 च्या 17 सप्टेंबरला मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला. रेल्वेचा निरोप बहुधा अजून वाटेत आहे.

हैदराबादची ही सावली शहरावर अनेक प्रकारे आहे. अंतरानेही ते मुंबईच्या जवळजवळ निम्म्यावर आहे. लग्नाचे कपडे, मोठे दवाखाने, मोती आणि सल्ला या गोष्टी नांदेडकर हैदराबादहून आणतो. नोकरीसाठी पुण्याला जातो. तक्रार मुंबईकडे करतो. निजामाच्या काळात येथे उस्मानशाही मिल होती आणि गावातली घड्याळे तिच्या भोंग्यावर लावली जात. गिरणी बंद पडली, भोंगा गेला, आणि त्यानंतर नांदेडमध्ये दहाचा कार्यक्रम साडेअकराला सुरू होण्याची पद्धत पडली असे जुने लोक म्हणतात. गिरणी होती तेव्हा कार्यक्रम वेळेवर होत, असे मात्र तेही म्हणत नाहीत. कापूस अजून पिकतो. येथील संशोधन केंद्राने काढलेल्या ‘नांदेड-44’ या संकरित वाणाने एके काळी महाराष्ट्रभर नाव मिळवले होते. नांदेड हे नाव ज्यांनी शाळेत ऐकले नव्हते त्यांनी ते बियाण्याच्या पिशवीवर वाचले.

शहराची रचना समजायला फार अवघड नाही. नदीलगत जुने गाव : किल्ला, इतवारा, चौफाळा, सराफा. किल्ल्याला तीन बाजूंनी नदी आहे. चौथ्या बाजूने शहर आहे आणि संरक्षणाच्या दृष्टीने तीच बाजू अधिक दुर्भेद्य ठरली असती. मध्ये वजिराबाद आणि शिवाजीनगर. तेथून जवळ डॉक्टर लेन. एका गल्लीत किती दवाखाने बसू शकतात याचा हा प्रयोग असून तो अजून संपलेला नाही. परभणी, हिंगोली, यवतमाळ आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या गावांतून रुग्ण येथे येतात. एका रुग्णाबरोबर चार नातेवाईक, त्यांपैकी दोघे फाईल धरायला, एक औषधे आणायला आणि एक ‘पुण्याला न्यायचं का?’ हा प्रश्न विचारायला. उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे भाग्यनगर, श्यामनगर, तरोडा अशा वस्त्या. या भागात शिकवणी वर्ग आहेत, वर्गांच्या वर वसतिगृहे, वसतिगृहांच्या खाली खानावळी आणि खानावळींच्या बाहेर गेल्या वर्षी वैद्यकीय प्रवेश मिळालेल्या मुलांचे फलक. फलकावरचा मुलगा हसतो आहे आणि फलकाखालचा भौतिकशास्त्राची वही घेऊन पळतो आहे, हे दृश्य येथे बारमाही आहे. नदीपलीकडे सिडको, हडको आणि लातूर फाटा. लातूरची नांदेडमधील हद्द एवढीच.

विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही तिन्ही विष्णुपुरीला, धरणाच्या बाजूला आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 ला, मुक्तिदिनाच्या मुहूर्तावर, स्थापन झाले. त्याच्याही आधीपासून गावाला विचारवंताचा लौकिक होता तो नरहर कुरुंदकरांमुळे. 1932 ते 1982 एवढेच आयुष्य लाभलेले कुरुंदकर पीपल्स कॉलेजमध्ये शिकवत, पुढे प्राचार्य झाले. नाट्यशास्त्र, इतिहास, राज्यघटना, संगीत यांपैकी कशावरही तासभर बोलत, आणि श्रोते पुढच्या तासाची वाट पाहत. त्यांच्या एका ग्रंथाचे नाव ‘धार आणि काठ’ आहे. नदीकाठच्या शहरातील लेखकाने हे नाव दिले म्हणून पाहुण्याने तो गोदावरीच्या माहितीसाठी विकत घेऊ नये. त्याचा विषय मराठी कादंबरी आहे. कुरुंदकरांच्या मागे शहरात व्याख्यानमाला उरल्या. भाषणाचा अध्यक्षीय समारोप मूळ भाषणाहून लांब होणे ही त्यांच्यानंतरची भर.

खाण्याच्या बाबतीत नांदेड भांडत नाही. सकाळी सुशीला, दुपारी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि पिठले, संध्याकाळी मिरची भजी. देगलूर नाक्याकडे तहारी आणि बिर्याणी, गुरुद्वारा परिसरात छोले-भटुरे आणि लस्सीचा असा पेला की तो संपवणाऱ्याने पुढचे ठिकाण पाहण्याचा बेत रद्द करावा. अर्धापूरची केळी प्रसिद्ध आहेत. नांदेडकर पाहुण्याला चहा विचारत नाही, ठेवतो. नको म्हणणे हा नकार मानला जात नाही. तो कमी साखरेचा आग्रह समजला जातो.

आता लातूर. ते नांदेडपासून रस्त्याने सुमारे 140 किलोमीटरवर आहे. लातूर हा स्वतंत्र जिल्हा 1982 मध्ये झाला आणि तेव्हापासून या दोन गावांत एक शांत, सभ्य आणि कधीही न संपणारी स्पर्धा चालू आहे. लातूरच्या मध्यभागी गंजगोलाई आहे. 1917 मध्ये झालेल्या या वर्तुळाकार बाजारपेठेला 16 रस्ते येऊन मिळतात. नवा माणूस त्यांतल्या एका रस्त्याने आत जातो आणि त्याच रस्त्याने बाहेर पडला तर लातूरकर त्याला आपला मानतात. तुरीच्या बाजाराने लातूर देशभर माहीत झाले, ‘लातूर पॅटर्न’ने महाराष्ट्रातल्या पालकांची झोप उडवली. निलंगा राईस हा पदार्थ त्याच जिल्ह्याचा, आणि तो खाल्ल्यावर उडालेली झोप परत येते.

लातूरकडे एक गोष्ट नाही : नदी. मांजरा आहे, पण शहरापासून दूर. आणि तिच्यावरच्या धरणात 2016 साली पाणीच उरले नाही. मग मिरजेहून ‘जलदूत’ नावाची रेल्वेगाडी निघाली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून 12 एप्रिल 2016 रोजी पहिली गाडी लातूरला आली. 10 टाक्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. पुढे 50 टाक्यांची गाडी सुरू झाली. जगातील बहुतेक शहरे नदीकाठी जाऊन वसली. लातूरने नदी रेल्वेने मागवून घेतली. कृष्णेचे पाणी मांजरेच्या खोऱ्यात आणण्यासाठी लवाद, कालवे आणि बोगदे लागतात असे अभियंते सांगत होते. लातूरकरांनी ते मालगाडीने आणले आणि टँकरने गल्लीत पोहोचवले. एवढे करून रेल्वेबद्दल लातूरकर हळवा असणे साहजिक आहे. 2017 मध्ये मुंबई-लातूर गाडी पुढे बिदरपर्यंत नेल्यावर गावात आंदोलन झाले. गाडी येते त्याला हरकत नव्हती. भरून येते याला होती.

महसूल विभागाचे आयुक्तालय हा दोन्ही गावांमधला खरा वाद. मराठवाड्याचे विभाजन करून दुसरे आयुक्तालय काढायचे, हे मान्य. ते कुठे, यावर 2009 पासून नांदेडचे ठाम मत आहे की नांदेडला आणि लातूरचे ठाम मत आहे की लातूरला. दोन्ही बाजूंनी मोर्चे झाले, बंद पाळले गेले. बंदच्या दिवशी दोन्ही शहरांत सारखीच शांतता होती. एकमत झाले ते तेवढेच. दरम्यान आयुक्त आहेत तिथेच बसले आहेत.

राजकारणात हिशोब बरोबरीत आहे. नांदेडने शंकरराव आणि अशोक चव्हाण हे दोन मुख्यमंत्री दिले, लातूरने शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख हे दोन. गंमत अशी की 1986 मध्ये निलंगेकरांच्या जागी शंकरराव आले आणि 2008 मध्ये विलासरावांच्या जागी अशोकराव. मुख्यमंत्रिपद दोन वेळा लातूर जिल्ह्यातून निघून थेट नांदेडला पोहोचले. रेल्वे मात्र अजून परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा घालून जाते. या मार्गाची पनवेल एक्सप्रेस दोन्ही शहरांतल्या मुलांना पुण्यात नेऊन सोडते. तेथे ती एका खोलीत राहतात आणि आयुक्तालय कुठे व्हावे यावर रात्री वाद घालतात.

गुरांच्या बाबतीतही तसेच. नांदेडची लाल कंधारी आणि लातूरची देवणी या दोन्ही नोंद झालेल्या जाती. कंधारी लाल आणि नेटकी, देवणी काळी-पांढरी आणि भारदस्त. मालेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, म्हणजे लोहा तालुक्यातल्या, जनावरांचा मोठा बाजार भरतो. तेथे या दोन जातींचे मालक एकमेकांच्या बैलाची स्तुती करतात आणि विकत आपलाच घ्यायला सांगतात. बैल मात्र एका जोखडाला चालतात.

दोन्ही जिल्ह्यांनी मिळून केलेले काम शोधणाऱ्याने राष्ट्रध्वजाकडे पाहावे. खादीच्या तिरंग्याचे कापड लातूर जिल्ह्यातील उदगीरला विणले जाते आणि मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या नांदेडच्या केंद्रात त्याचे ध्वज तयार होतात. असे ध्वज बनवणारी केंद्रे देशात मोजकीच आहेत. 15 ऑगस्टला ज्या मैदानांवर दोन्ही गावांचे पुढारी स्वतंत्रपणे आपापल्या गावाच्या विकासाची आश्वासने देतात, तेथे डोक्यावर फडकणारी वस्तू दोघांच्या भागीदारीत तयार झालेली असू शकते.

आसपास पाहण्यासारखे बरेच आहे. माहूरची रेणुका हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. जंगलातला रस्ता, वर चढायला पायऱ्या आणि पायऱ्यांवर माकडे. प्रसाद हातात उघडा धरू नये. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यात जोरात असतो, उन्हाळ्यात नावापुरता. उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. मे महिन्यात तेथे जाण्याचे कारण समजत नाही. कंधारचा किल्ला आणि होट्टलची मंदिरे ज्यांना दगडांत रस आहे त्यांनी जरूर पाहावीत, ज्यांना नाही त्यांनी पाहणाऱ्याबरोबर जावे.

हवामान एका वाक्यात संपते : उन्हाळा असतो आणि उन्हाळ्याची तयारी असते. मे महिन्यात पारा 42-43 अंशांपर्यंत जातो, दुपारी बारा ते चार रस्त्यावर गॉगल लावलेला माणूस आणि रुमाल बांधलेले तोंड यांशिवाय काही दिसत नाही, आणि नांदेडकर ‘यंदा जरा कमीच आहे’ असे म्हणतो. पाहुण्याने यायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. दसरा आणि होळी पाहायची असेल तर यात्री निवासातली खोली फार आधी सांगून ठेवावी. पूर पाहायचा असेल तर वर्तमानपत्र वाचत राहावे. आणि येण्याचे तिकीट काढण्याआधी परतीचे आरक्षण करून ठेवावे. नांदेडहून निघणाऱ्या गाड्यांत जागा मिळणे कठीण असते, कारण निम्मे नांदेड पुण्याला निघालेले असते.